अडीचशे युरोंची बारा मिनिटं

गेल्या वर्षी माद्रिदहून फ्रँकफर्टला घरी परतत होतो. थेट विमान महाग, म्हणून झुरिकमार्गे एकच तिकीट काढलं. माद्रिद-झुरिक साधारण सव्वादोन तास. झुरिक-फ्रँकफर्ट हवेत जेमतेम चाळीस मिनिटं, पण वेळापत्रकात तासभर, कारण जमिनीवरचं रांगणंही त्यातच धरतात.

माद्रिदला विमानात बिघाड निघाला आणि दोन तास तिथेच गेले. झुरिकहून पुढचं विमान अर्थातच चुकलं, नंतरच्यात बसवलं. फ्रँकफर्टला पोचायचं होतं दुपारी ३:१० ला, चाकं टेकली ६:०२ ला. म्हणजे उशीर २ तास ५२ मिनिटं. युरोपीय संघाच्या नियमाने विमानाच्या उशिराची भरपाई मिळते ती तीन तासांपासून. आठ मिनिटांनी हुकलं म्हणून चरफडत बसलो होतो. मग गेट रिकामं व्हायची वाट पाहण्यात वेळ गेला. शेवटी बायकोला मेसेज टाकला : ‘दार उघडलं, निघतोय.’ वेळ ६:१४.

हाच मेसेज पुढे कामाला आला. भरपाईचा अर्ज विमान कंपनीच्या साइटवर स्वतःच भरला. प्रवाशाच्या वतीने भरपाई मागणाऱ्या दलाल कंपन्या मिळालेल्या रकमेतून कमिशन कापतात. दहा दिवसांनी उत्तर आलं, उशीर तीन तासांहून कमी, सबब नामंजूर. त्यांनी टेकण्याची वेळ धरली होती. पण युरोपीय न्यायालयाने २०१४ सालीच सांगून ठेवलंय की पोचण्याची वेळ म्हणजे विमानाचं एक तरी दार उघडण्याची वेळ. ते प्रकरण साल्झबर्ग ते कलोन-बॉन विमानाचं. तेही टेकलं होतं तीन तासांच्या आत आणि दार उघडलं तीन तासांनंतर. त्या निकालाचा हवाला आणि मेसेजचा स्क्रीनशॉट जोडून परत लिहिलं. या वेळी मान्य झालं.

आता रक्कम किती? भरपाईच्या त्या युरोपीय नियमाप्रमाणे (क्रमांक २६१/२००४) १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, त्यापुढे युरोपीय संघातल्या प्रवासाला ४००. माझा मित्र हिशेबाला पक्का. त्याने माद्रिद-झुरिक सुमारे १२४० आणि झुरिक-फ्रँकफर्ट सुमारे २८५ अशी बेरीज केली. ‘१५२५! चारशे माग.’ मलाही मोह झाला. पण अंतर विमान कुठून फिरून आलं त्यावर मोजत नाहीत. पृथ्वीच्या गोलावर पहिल्या आणि शेवटच्या विमानतळात दोरा ताणला तर भरेल तेवढंच धरतात. माद्रिद-फ्रँकफर्ट तो दोरा सुमारे १४२० भरतो. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला गेलेल्या प्रवाशांनी २०१७ मध्ये हाच वाद घातला होता. त्यांची बेरीज १६५६, दोरा १३२६. मिळाले अडीचशेच.

तीन आठवड्यांनी २५० युरो खात्यात आले. मेसेज आपल्याला आला होता म्हणून बायकोने निम्मे मागितले. मित्र मात्र अजून १५२५ वरच अडलाय.