कडी लावली का?

परवा दुपारी जेवणं आटोपून जरा आडवी होणार, तर हॉलमध्ये भाच्याच्या कंपूचं जुंपलेलं. विषय काय, तर सिनेमातला चांगला खून कुठला. ओंकारचं मत, 'टेरिफायर ३' बघून ज्याच्या पोटात ढवळत नाही तो माणूसच नाही. सानिकाचं मत, सांताक्लॉजचा डगला घालून तो मुका विदूषक दिसेल त्याला कापत सुटतो, त्याने किळस येते, भीती नाही, भीती वेगळी. तिचा आवडता 'इन अ व्हायलंट नेचर'. त्यात म्हणे कॅमेरा खुन्याच्या पाठीमागून चालतो. जंगल, पाचोळा, आणि हा आपला चालतोय, चालतोय. पार्श्वसंगीत नाही.

"अगं, तो पर्वतीला सकाळी येणाऱ्या काकांसारखा चालतो," ओंकार म्हणाला. "फक्त कानटोपी नाही."

मग मला पंच केलं. मावशीने म्हणे लहानपणापासून सगळं बघितलंय. बघितलंय खरं. आणि इतकं बघून माझी तक्रार एकच राहिली आहे: दाराला कडी का नव्हती?

हसले सगळे. पण सांगा ना. १९७८ च्या 'हॅलोवीन'पासून बघत आले आहे. तो सिनेमा त्यांनी चणे-कुरमुऱ्यांच्या पैशात काढला, खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा, त्यालाच पांढरा रंग फासलेला. ते सगळं मला गोडच वाटतं. पण ती घरं! मागच्या बाजूला हे एवढं काचेचं दार, ते नुसतं लोटलेलं, आणि बाई अंधारात बागेत जाऊन विचारते, कोण आहे? अगं बये, आतून विचार की.

पुण्यात हा प्रकार जमणारच नाही. आधी सेफ्टी डोअर, मग साखळी, मग लाकडी दार, त्याला डोळा, आणि शेजारी विक्रेत्यांनी काय करू नये याची पाटी. त्यातून खुनी दुपारी एक ते चारमध्ये आला तर बेल वाजवून त्याचंच बोट दुखेल. चारनंतर आला तर आतून चौकशी: कोण? कोणाकडे आलात? कितवा मजला सांगितला? ते इथे नाही राहत, बी विंगला विचारा. बी विंगवाले त्याला पुन्हा इकडे पाठवणार. शेवटी बिचारा सुरा पिशवीत घालून कुठेतरी मस्तानी प्यायला जाईल.

एकच सिनेमा मी या तक्रारीतून वगळते, १९७४ चा 'ब्लॅक ख्रिसमस'. त्यात ते घाणेरडे फोन घरातूनच येत असतात. माणूस आधीच आत, वर माळ्यावर. तिथे कडी काय करणार? तो बघितल्यावर मात्र मी आठवडाभर माळ्यावरचं काही काढलं नव्हतं. दिवाळीचा किल्ल्याचा डबासुद्धा.

हा कडीचा आजार मला सदाशिव पेठेतल्या वाड्यात जडला. १९९३ साली 'झी हॉरर शो' सुरू झाला तेव्हा वाड्यात केबल एकाच बिऱ्हाडात होती, तळमजल्यावरच्या काकूंकडे. भुताखेतांचे सिनेमे काढणाऱ्या रामसे मंडळींची मालिका. ती लागली की आम्ही सगळी पोरं त्यांच्या पुढच्या खोलीत, एका गोधडीत चौघं. गोधडीला डांबराच्या गोळ्यांचा वास. कोण किती वेळ डोळे उघडे ठेवतो याची पैज लागायची आणि जिंकणारा नेहमी गोधडीच्या भोकातून बघणारा निघायचा. काकू मात्र निवांत शेंगा सोलत बसायच्या. चेटकीण पडद्यावर आली की म्हणायच्या, केस बघ कसे मोकळे सोडलेत, जेवणात जातील.

खरी भीती नंतर. संडास चौकापलीकडे, हौदाच्या मागे. मधल्या खांबावर एक पिवळा दिवा, तोही वारा आला की लुकलुकणारा. हातात बादली. जाताना मी भीमरूपी म्हणायचे आणि वेग असा धरायचे की भुताप्रेतांच्या ओळीला नेमकी हौदाशी यावी. परत येताना स्तोत्रबित्र काही नाही, सरळ पळत जिना. बादलीतलं पाणी पायावर सांडलं की वाटायचं, धरलं कोणीतरी. वर कठड्याशी आई उभी असायची. मला वाटायचं, माझ्यासाठी उभी आहे. तिचं लक्ष माझ्यावर नसायचंच. ती वाड्याच्या दिंडी दरवाजाकडे बघत असायची आणि मी वर आले की विचारायची, "अडसर घातलाय का गं? नीट बघितलास?"

असो. तर हॉलमधली मंडळी एव्हाना स्लॅशरवरून, म्हणजे सुरा घेऊन एकेकाला गाठणाऱ्या खुन्यांच्या सिनेमांवरून, सूडपटांवर घसरली होती. आमच्या पिढीचा सूड फार मेहनतीचा असायचा. १९८८ च्या 'खून भरी मांग'मध्ये रेखाला आधी मगरीच्या तोंडी जावं लागतं, मग प्लॅस्टिक सर्जरी, मग मॉडेलिंग, आणि एवढं सगळं झाल्यावर नवऱ्याकडे वळायचं. आता तेवढा धीर कोणाला! 'किल'मध्ये सिनेमा जवळजवळ मध्यावर आल्यावर पडद्यावर नाव पडतं, आणि मग आगगाडीच्या डब्यांमधून जे सुरू होतं ते सुरूच. पोरांना हाणामाऱ्या तोंडपाठ. मला त्यातली वेगळीच गोष्ट डाचते. ते दरोडेखोर सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत. काका, पुतणे, चुलतभाऊ. एक पडला की दुसरा त्याच्या अंगावर पडून ओरडून रडतो. नायकाचं दुःख मोठं, कबूल, पण हे रडणं कानात राहिलं की पुढच्या घावाला टाळी वाजवायला हात उचलत नाही. सानिकाला हे पटलं. ओंकार म्हणाला, "मावशी, तू फार विचार करून बघतेस." असेल.

आतल्या खोलीतून आई आली ती पाण्याचं भांडं घेऊन. तिने आमचं बोलणं बराच वेळ ऐकलं होतं बहुतेक. ओंकारने तिलाही ओढलं, "आजी, तुला कधी भीती वाटली का गं, खरीखुरी?"

"शहात्तरच्या थंडीत," ती म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तशी.

पुण्यात वाढलेल्यांना पुढचं सांगायला नको. जोशी-अभ्यंकर हत्याकांड. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून. आई तेव्हा कॉलेजात होती. दिवेलागणीला दिंडी बंद व्हायची, सातनंतर पेठांमधून कुत्रंसुद्धा फिरेना. शिकवण्या बंद, नाटकाला जाणं बंद. घरातलाच माणूस उशिरा आला तरी आधी आवाज ओळखायचा, मग अडसर काढायचा. आजोबांना म्हणे एकदा सर्दीने घसा बसल्यामुळे बराच वेळ बाहेर उभं ठेवलं होतं. त्यावर पोरं हसली. आईसुद्धा हसली.

"मुखवटा होता का?" कोणीतरी विचारलं.

"कसला मुखवटा? कॉलेजातली पोरं ती. चित्रकला शिकणारी. तुमच्याएवढी." तिने सोफ्यावरून नजर फिरवली, सगळ्यांवरून. "बेल वाजवून गेली लोकांकडे. असं कोणी दारात आलं तर मीही उघडलं असतं."

सानिकाने पाय खाली घेतले. ओंकारने विचारलं, पुढे काय झालं. पुढे पाचवा साथीदार माफीचा साक्षीदार झाला, खटला चालला, आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्याला यातला नेमका शेवटचा भाग हवा होता. "मग? बरं वाटलं असेल ना तुम्हा सगळ्यांना?"

"कोणाला वाटलं असेल. ज्यांची माणसं गेली त्यांचं मी कसं सांगू?" आई म्हणाली. "मी पेपरात वाचलं. ही मांडीवर होती, दात येत होते हिला, रात्रभर झोपू दिलं नव्हतं. वाचलं आणि पेपर रद्दीत ठेवला. त्या रात्री पण अडसर घातला."

१९८६ ला त्यावरून सिनेमा निघाला, नाना पाटेकर होता त्यात. बाबांनी मोठ्या हौसेने सगळ्या घराची तिकिटं काढली. काका, आत्या, शेजारचे, झाडून सगळे गेले. आई गेली नाही. एक तिकीट फुकट गेलं, ते बाबा अजून ऐकवतात.