कमरेच्या उंचीवरून दिसणारा रस्ता

आमच्या इमारतीच्या फाटकापासून मंडईपर्यंत आईच्या चालीने सहाशे दहा पावले होतात. मी हे अंतर दुचाकीवरून दोन मिनिटांत संपवते आणि म्हणूनच पुण्याच्या या उपनगरात राहायला आल्यापासून चौदा वर्षांत ते मोजावे असे मला कधी वाटले नव्हते. दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडाशी, आई एका संध्याकाळी कोपर खरचटवून घरी आली. तिने सांगितलेली जागा मी दुसऱ्या दिवशी गाडीवरून दोनदा जाऊन पाहिली, पण पडण्यासारखे तिथे मला काहीच आढळले नाही. "तू गाडीवरून बघतेस, तुला नाही दिसायचं," असे म्हणून तिने माझा जुना फोन मागून घेतला आणि तिसऱ्या दिवशी त्या जागेचे छायाचित्र काढून आणले. एका हातात काठी असल्यामुळे फोन तिने कमरेपाशी धरला होता. चित्र तिरके आले होते, पण त्यात पदपथाची कड एखाद्या ओट्यासारखी उंच दिसत होती. टेप लावून पाहिली तेव्हा ती साडेअकरा इंच भरली. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा, जास्त असू नये आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा असावी, ही माहिती मला पुढे मिळाली. आईला ती माहिती नसतानाही तिच्या गुडघ्याने तो निष्कर्ष आधीच काढून ठेवला होता.

पुण्यात या विषयावर कागदांची उणीव नाही. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या या गावात २००६ च्या अखेरीस बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी बससेवा, सुरू झाली आणि त्या रस्त्यांच्या कडेने सायकल मार्गही आखले गेले. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, २०१७ मध्ये सायकल आराखड्याला मंजुरी मिळाली आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिनही साजरा होऊ लागला. त्या दिवशी मीही तिथे मनसोक्त चालले आहे आणि त्याची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. परंतु धोरणातला पदपथ आणि आमच्या मंडईसमोरचा पदपथ यांच्यात नेमके किती अंतर आहे, हे सांगणारी नोंद कोणाकडेच नसते. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील जवळजवळ १९.५ टक्के पायी चालणारी होती, हे केंद्र सरकारच्या अहवालात नोंदलेले आहे. आईचे खरचटलेले कोपर मात्र कोणत्याही अहवालात येत नाही. पडता पडता सावरलेला, कट मारून गेलेल्या गाडीमुळे भिंतीला चिकटलेला किंवा भीतीपोटी घराबाहेर पडणेच सोडून दिलेला माणूसही त्यात येत नाही. आम्ही छायाचित्रे काढू लागलो ती या नोंदीसाठी.

आम्ही म्हणजे नऊ जण. त्यांत आई होती, शेजारचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता काका होते, आमच्या इमारतीतील चार घरांत स्वयंपाक करणाऱ्या मावशी होत्या, आठवीत शिकणारी एक मुलगी, सायकलवरून पेपर टाकणारा एक तरुण आणि मंडईच्या तोंडाशी फुले विकणाऱ्या एक आजी होत्या. उरलेले आम्ही तिघे गाडीवर फिरणारे होतो आणि फोन चांगले असले तरी आमची छायाचित्रे सर्वांत निरुपयोगी ठरली. या पद्धतीला फोटोव्हॉइस असे नाव आहे. कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन तिची मांडणी केली. ज्याला अडचण सोसावी लागते त्यानेच चित्र काढायचे, त्यानेच त्याविषयी बोलायचे आणि मग ते धोरण ठरवणाऱ्यांसमोर न्यायचे, एवढेच तिचे सूत्र आहे. आम्हाला हे नाव कळले तोवर आमच्याकडे दीडशे छायाचित्रे जमली होती.

फोनचा कॅमेरा किती खोटे बोलू शकतो, हा आमचा पहिला धडा होता. फोनमधील रुंद कोनाच्या भिंगाने काढले तर अडीच फुटांचा पदपथ प्रशस्त भासतो, आणि दूरचे ओढून आणणाऱ्या भिंगाने काढले तर चार गाड्यांचीही कोंडी दिसते. ही दुसरी युक्ती आम्हा गाडीवाल्यांपैकी एकाला फार आवडली होती आणि ती सोडायला लावण्यात एक अख्खा रविवार गेला. शेवटी सर्वांनी मुख्य भिंगच वापरायचे, ते न ओढता वापरायचे आणि जिथे रुंदी किंवा उंची दाखवायची असेल तिथे टेप चित्रातच ठेवायची, असे ठरले. उंची मात्र ज्याची त्याची राहू द्यायची होती. आठवीतल्या मुलीचे डोळे मोठ्या मोटारीच्या बॉनेटपेक्षा फारसे वर येत नाहीत, त्यामुळे दोन उभ्या गाड्यांमधून रस्ता ओलांडताना तिला येणारे वाहन दिसत नाही आणि चालकाला ती दिसत नाही. तिच्या चित्रात जवळजवळ सगळीकडे गाडीचा पांढरा पत्रा आहे आणि उजव्या कोपऱ्यात रस्त्याची एक फट आहे. तेच चित्र माझ्या उंचीवरून काढले असते, तर तिथे दूरवरचा सिग्नलही दिसला असता.

मावशींचे चित्र तर आम्ही पहिल्या दिवशी बिघडलेले म्हणून बाजूला काढले होते. पहाटे पावणेसहाला त्या ज्या पट्ट्यातून कामावर येतात तिथला दिवा झाडाच्या फांद्यांच्या वर आहे, त्यामुळे प्रकाश पानांवर पडतो आणि खाली काळोख राहतो. त्यांनी आधी काढलेल्या चित्रात ही जागा चक्क उजळ दिसत होती, कारण फोनने आपणहून रात्रीची सोय चालू करून अंधार पुसून टाकला होता. ती सोय बंद करून काढलेल्या दुसऱ्या चित्रात काळ्या चौकटीखेरीज समोरून येणाऱ्या दुचाकीचा एक ठिपका तेवढा आहे. काकांनी त्या चित्राला हात लावू दिला नाही. मावशी म्हणाल्या, "ताई, असंच दिसतं तिथं. मी आवाजावर चालते." हे वाक्य आम्ही त्या चित्राखाली तसेच लिहिले.

पेपर टाकणाऱ्या तरुणाने पावसाळी गटाराच्या जाळीचे चित्र आणले. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने, म्हणजे चाकाला समांतर, बसवले होते आणि दोन गजांमधील फट सायकलच्या टायरपेक्षा मोठी होती. मोटारीला किंवा दुचाकीला तिथे काहीच होत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. त्याने सायकल तिथे उभी करून पुढचे चाक फटीत उतरवले, आणि तेच चित्र काढले. जाळी फिरवून गज आडवे केले की प्रश्न मिटतो, हे सांगायला त्या चित्राखाली ओळही लागली नाही.

काकांचे चित्र सर्वांत साधे होते, पण मी त्याच्याकडे अजून पाहत असते. मंडईजवळच्या चौकात पाऊस ओसरल्यावर डांबरावर मातीचा थर बसतो. जिथून चाके जातात तिथला थर दोन दिवसांत पुसला जातो आणि जिथून कोणतेच वाहन जात नाही तिथे तो आठवडाभर राहतो. काकांनी दुसऱ्या मजल्यावरील ओळखीच्या गच्चीतून ते चित्र काढले, तेव्हा चौकाच्या चारही कोपऱ्यांत मातीचे तपकिरी त्रिकोण स्पष्ट दिसत होते. एवढी जागा वाहनांना लागतच नाही, म्हणून तिथपर्यंत पदपथ पुढे आणला तर ओलांडण्याचे अंतर कमी होईल आणि वळणाऱ्या गाड्यांचा वेगही आपोआप उतरेल, असे त्यांचे म्हणणे होते. वाहतूक विस्कळीत होईल या नेहमीच्या आक्षेपाला वाहतुकीनेच दिलेले हे उत्तर होते.

एका गोष्टीवरून आमच्यात वाद झाला आणि तो सांगणे भाग आहे. पदपथावरील अडथळ्यांची छायाचित्रे काढायला सांगितले की माणसांचा फोन सगळ्यात आधी पथारीवाल्याकडे वळतो, कारण तो जागेवर बसलेला असतो, त्याचा चेहरा असतो आणि तो उलट बोलत नाही. आमच्या पहिल्या पन्नास चित्रांत सतरा पथारीवाले होते. फुलवाल्या आजींनी ती पाहिली आणि त्या पुढच्या रविवारी आल्याच नाहीत. त्यानंतर आम्ही त्याच सहाशे दहा पावलांवर टेप घेऊन चाललो. विजेची वितरणपेटी (डीपी), वाढदिवसाच्या फ्लेक्सचा सांगाडा, एका बँकेच्या जनरेटरचा चौथरा, इमारतींनी आपापल्या फाटकापुढे चढवलेले उतार आणि ओळीने लावलेल्या दुचाकी यांनी अडवलेली लांबी पथाऱ्यांच्या लांबीच्या कितीतरी पट भरली. त्या दुचाकींत माझीही एक होती. आजींची समजूत घालायला आई गेली. चेहरा आणि गाडीचा क्रमांक दिसेल असे चित्र वापरायचे नाही, हा नियम त्या दिवसापासून झाला. आजींनी पुढे काढलेली चित्रे त्यांच्या बैठकीवरून, म्हणजे जमिनीपासून फूटभर उंचीवरून काढलेली आहेत आणि त्यांत फक्त पाय आहेत. पाय पदपथावरून येतात, डीपीपाशी थांबतात आणि रस्त्यावर उतरतात.

महापालिकेच्या कार्यालयात गेल्यावर आम्हाला विचारले गेलेले प्रश्न असे होते की चित्र कधीचे आहे आणि नेमके कुठले आहे. आमची पहिली खेप तिथेच संपली, कारण चित्रे आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना पाठवली होती आणि तसे पाठवल्यावर वेळ व ठिकाण यांची आतली नोंद निघून जाते. ती ठेवायची असेल तर चित्र दस्तऐवज म्हणून पाठवावे लागते. ठिकाणासाठी काकांनी विजेच्या खांबांवर रंगवलेले क्रमांक वापरले. 'मंडईसमोर' या पत्त्यावर कोणी येत नाही, पण खांबाचा क्रमांक दिला की कनिष्ठ अभियंत्याला तिथे यावे लागते, असा आमचा अनुभव आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही चाळीस चित्रांऐवजी सहाच नेली. प्रत्येकाखाली खांबाचा क्रमांक, तारीख, वेळ, टेपचे माप आणि काढणाऱ्याचे एक वाक्य होते. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातील छोटी कामे सुचवता येतात, आणि पदपथ, दिवे ही कामे त्यात बसतात. तेव्हा यांतील तीन कामे आम्ही त्या अर्जावरही भरली.

प्रदर्शन आम्ही गणेशोत्सवात केले. मंडळाच्या अध्यक्षांनी मांडवाची एक बाजू दिली आणि चिमटे लावून सुतळीवर चित्रे टांगली. अडचण अशी होती की मांडव पदपथावरच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सुतळीवर एक नवे चित्र लटकत होते. त्यात मांडवाचा खांब, त्याखालून वाकून जाणारा एक माणूस आणि शेजारून जाणारी बस होती. आठवीतल्या मुलीने ते काढले होते आणि छपाईचे पैसे तिच्या वडिलांनी दिले होते. अध्यक्षांनी ते बराच वेळ पाहिले. ते खाली उतरवायला त्यांनी सांगितले नाही, आणि पुढच्या वर्षी मांडव चार फूट आत घेतला गेला. त्याचे श्रेय चित्राला द्यावे की शेजारच्या नव्या दुकानदाराच्या तक्रारीला, याबद्दल आमच्यात एकमत नाही.

दोन वर्षांत झालेल्या कामांचा हिशेब फार मोठा नाही. जाळी अकरा दिवसांत फिरवली गेली. मंडईसमोर दोन ठिकाणी पदपथाची कड उतरती करून मिळाली, त्यांतील एक उतार इतका तीव्र आहे की आई आता त्याच्या शेजारून जुन्या कडेवरच चढते. फांद्या एकदा छाटल्या गेल्या आणि पुन्हा वाढल्या, म्हणून मावशींनी परवा पुन्हा तेच काळे चित्र काढून आणले. चौकाच्या कोपऱ्यांवर काही घडलेले नाही. दर तीन महिन्यांनी आम्ही त्याच खांबांपाशी, त्याच उंचीवरून, त्याच वेळी चित्रे काढतो. जागा चुकू नये म्हणून प्रत्येक चौकटीच्या डाव्या कडेला एक ठरावीक खूण धरतो. डीपीसाठी ती खूण म्हणजे मागच्या कुंपणाचा फुटलेला कोपरा आहे.

त्या डीपीची आता आठ चित्रे झाली आहेत. तिच्यापासून कुंपणापर्यंतचे अंतर आठही वेळा चौदा इंच भरले. सातव्या चित्रात तिला नवा रंग दिलेला आहे आणि आठव्यात तिच्यावर कोणाच्या तरी अभिनंदनाचा फ्लेक्स आहे. कुंपणाचा तो फुटलेला कोपरा मात्र मालकाने गेल्या महिन्यात दुरुस्त करून घेतला, त्यामुळे पुढच्या रविवारी काकांना दुसरी खूण शोधावी लागणार आहे.