पावसाळ्यात कोकणात मुक्काम कुठे करायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

जून लागला की हा प्रश्न यायला सुरुवात होते. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. ‘मुलं आहेत, आई-बाबा बरोबर आहेत, दोन रात्री मिळतायत, पावसाळ्यातलं कोकण बघायचंय. मुक्काम कुठे करू?’ आणि पाठोपाठ पुस्ती: ‘अगदी समुद्राला लागून असं एखादं ठिकाण सांगा ना.’

माझं उत्तर या पुस्तीच्या विरुद्ध जातं. पावसाळ्यात, कुटुंब बरोबर असताना, समुद्राला लागून राहू नका. जवळच्या तालुक्याच्या गावात राहा आणि समुद्राला रोज भेटून या.

कारण सांगते. किनाऱ्यावरची जी गावं पर्यटकांवर चालतात, ती पर्यटक थांबले की थंडावतात. डिसेंबरात किंवा मे महिन्यात फोटोत दिसणारं घर जुलैत वेगळंच असतं. वाऱ्या-पावसाच्या बाजूला झापं नाहीतर प्लास्टिक बांधलेलं, समोरची चहाची टपरी बंद, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बायका भाताच्या लावणीला गेलेल्या. त्यांनी जायलाच हवं, वर्षाचा भात त्या दोन-तीन आठवड्यांवर उभा असतो. त्यात तुम्ही सहा माणसं घेऊन जाता आणि संध्याकाळी मुलाला ताप येतो, किंवा बाबांची गोळी संपते, किंवा सगळ्यांना नुसती गरम भजी हवी असतात. या तिन्हींसाठी गाडी काढून अंधारात, पावसात, अरुंद रस्त्याने वर तालुक्याच्या गावी यावं लागतं.

शिवाय त्या समुद्राचं करायचं काय? जुलैतला समुद्र मी तासन्‌तास बघू शकते. मातकट पाणी, एकामागोमाग एक येणाऱ्या पांढऱ्या ओळी, डोंगरावरून सरकत येणारी सर. पण बघायचाच, त्यात उतरायचं नाही. या दिवसांत पाण्याला ओढ जबरदस्त असते. घोट्याच्या वर पाणी येईल इतकंही पुढे मी मुलांना जाऊ देत नाही, आणि पट्टीचे पोहणारे म्हणवणाऱ्या मोठ्यांनीही जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणजे किनाऱ्यावर एक तास, फार तर दीड तास. उरलेला दिवस कुठे काढायचा, हे मुक्कामाच्या गावावर ठरतं.

म्हणून मुक्कामाचं गाव असं हवं, की जे तुमच्या येण्या-न येण्यावर अवलंबून नाही. तिथे तहसील कचेरी असावी, कॉलेज असावं, एसटी स्टँड असावा, रात्री नऊला उघडं मेडिकल असावं, बाजार असावा. असं गाव पावसाळ्यात मिटत नाही.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना मी पहिलं नाव सांगते ते दापोलीचं. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 फुटांवर. इंग्रजांच्या छावणीमुळे ‘कॅम्प दापोली’ हे जुनं नाव अजून कानावर येतं. 1972 साली कृषी विद्यापीठ झालं, आज ते डॉ. बाळासाहेब सावंतांच्या नावाने ओळखलं जातं. त्यामुळे विद्यार्थी असतात, त्यांच्या खाणावळी असतात, आणि भर श्रावणात संध्याकाळी सातला केळसकर नाक्यावर छत्र्यांची दाटी असते. पावसाळ्याच्या तोंडाशी बाजारात टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडे शेवळं ही रानभाजी दिसते. ती घेतलीत तर तिच्यात घालायची काकडं ही रानफळंही मागून घ्या, नाहीतर घसा खाजतो. पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. मुलांना हा बाजार दाखवा. भाजी ओळखण्याचा खेळ पावसातही होतो.

दापोलीची खरी गंमत मात्र भूगोलात आहे. लाडघर, कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले हे सगळे किनारे गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यात. किनाऱ्यावर राहिलात तर तुमच्या वाट्याला एकच समुद्र येतो. वर राहिलात तर सकाळी चहा पिताना आभाळ बघून ठरवता येतं, आज कुठे उतरायचं. पावसाळ्यात हे ठरवण्याचं स्वातंत्र्य सगळ्यात मोलाचं. आदल्या रात्री आखलेला बेत सकाळच्या एका सरीत वाहून जातो, आणि दोनच दिवस हातात असताना ते परवडत नाही.

उघडीप मिळाली तर हर्णैला जा. सुवर्णदुर्गावर होड्या या दिवसांत जात नाहीत, पण कनकदुर्गाच्या टेकाडावरून तो पाण्यात पाय रोवून उभा असलेला दिसतो. मला तर पावसाळ्यात, तटावर लाटा फुटताना, तो जास्त आवडतो. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीलाही वरून समुद्र बघता येतो. पाऊस लागून राहिला, तर पन्हाळेकाजीची 29 लेणी आहेत. कोटजाई नदीच्या काठी, दगडात कोरलेली, डोक्यावर छप्पर असलेली. दगड निसरडे असतात तेवढं सांभाळा. आणि अगदीच गारठलात तर उन्हवऱ्याला गरम पाण्याचं कुंड आहे. दिवसभर भिजल्यावर आजोबांना त्या पाण्यात पाय सोडून बसलेलं बघा, पुढच्या वर्षीचं बोलणं तिथेच सुरू होतं.

एक विनंती मात्र आहे. मुक्काम वर केलात तरी दुपारचं जेवण खाली किनाऱ्यावरच्या एखाद्या घरी घ्या. सकाळी फोन करून माणसं सांगा, म्हणजे त्यांची धावपळ होत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवीन लावलेल्या माडाला फळ धरायला वर्षं लागतात. सुनसान महिन्यांत चार पानं वाढली गेली तरी त्या घराला त्याचा उपयोग असतो, आणि तुम्हाला घरचं जेवण मिळतं.

ताटात काय मिळेल, ते महिन्यावर आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीचा काळ असतो, आणि दर्याही खवळलेला असतो. हर्णैचा मासळीचा लिलाव बघायचा म्हणून जुलैत येऊ नका, बंदर शांत असतं. खाडीची मासळी मिळाली तर मिळते, एरवी सुकी मासळी. सुरमई-पापलेटसाठीच येणार असाल तर ऑगस्ट उलटू द्या. हिरवं कोकण बघायला येणार असाल तर जुलैचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात आवडतो. चोंढ्यांतून, म्हणजे सखल भातखाचरांतून, लावणी चालू असते आणि गुडघाभर चिखलात वाकलेल्या माणसांच्या मागे बगळे फिरत असतात. गणपतीचे दिवस मोसमाबाहेरचे अजिबात नव्हेत, चाकरमान्यांनी गाड्या, रस्ते, घरं सगळं भरलेलं असतं. त्यानंतरचा पितृपक्ष मात्र निवांत. पाऊस ओसरत आलेला, सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, फुलं, आणि किनारे रिकामे.

आता भरती-ओहोटी. तारीख ठरवताना लोक सुट्ट्या बघतात, हवामान बघतात, तिथी बघत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं एक सोपा हिशोब सांगतात: तिथीची पाऊणपट करा, त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी. पण बेत आखायला एवढं पुरतं. अष्टमीच्या आसपास आलात तर संध्याकाळी सहाला पाणी चढलेलं असतं, चालायला वाळू थोडी. तेव्हा किनाऱ्यावर दुपारी जा. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि तीही उधाणाची, तेव्हा दुपारी दूर राहा. संध्याकाळी मात्र पाणी लांब गेलेलं असतं आणि ओल्या वाळूवर मुलांना खेळायला मोकळं मैदान मिळतं. अष्टमीच्या आसपास भरती लहान असते, त्याला भांग म्हणतात, हेही लक्षात घ्या. लहान मुलं असतील तर मी भांगाचे दिवस निवडते.

दापोली सगळ्यांना सोयीची नाही. खेड स्टेशनवर उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा-जीप करावी लागते, आणि वळणांचा रस्ता काहींना सोसत नाही. रेल्वेनेच यायचं आणि गाडी नको असं ज्यांचं आहे, त्यांना मी रत्नागिरी सांगते. जिल्ह्याचं ठिकाण, मोठी इस्पितळं, आणि पावसात दिवस काढायला घरातली ठिकाणं भरपूर. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, 1910 मध्ये त्याचा राजवाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. त्या वाड्याच्या सज्जात उभं राहून भाट्याच्या खाडीवर पडणारा पाऊस बघताना दहा-बारा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट सांगा. मुलं शांत होऊन ऐकतात, असा माझा अनुभव आहे. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, 1931 सालचं पतितपावन मंदिर आहे. झाडगावच्या मत्स्यालयात रंगीत मासे आहेत आणि व्हेलचा सांगाडा. उघडीप पडली की आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन या. त्या रस्त्यावरच्या घाटमाथ्यावर गाडी थांबवून दोन्ही किनारे खाली बघणं, तेवढ्यासाठीसुद्धा रत्नागिरी गाठावी. पुळ्याला देवळामुळे वर्षभर राबता असतो, राहायलाही हरकत नाही. पण दर्शन आणि किनारा झाल्यावर संध्याकाळी मुलांना घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न तिथे उरतो.

कोल्हापूर-बेळगावकडच्यांनी सावंतवाडी बघावी. मोती तलाव, राजवाड्यातल्या गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते), चितारआळीतली लाकडी खेळणी, वर आंबोली, खाली वेंगुर्ला. आंबोलीत शनिवार-रविवारी धबधब्याखाली जत्रा भरते, तेव्हा मधल्या वारी जा. मालवण मला फार प्रिय आहे, पण पावसाळ्यात मी ते सुचवत नाही. सिंधुदुर्गाच्या होड्या मे अखेरीपासून 31 ऑगस्टपर्यंत बंद असतात. समोर किल्ला दिसत असताना मुलांना ‘आत्ता नाही’ सांगत राहण्यापेक्षा ते ऑक्टोबरासाठी ठेवावं.

रस्त्याबद्दल थोडं. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावला येणं बरं. वरंधा घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवतात, त्याच्या भरवशावर निघू नका. मुंबईकडून कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर-खेड टप्पा पुष्कळ सुखाचा झाला आहे. महाड आणि चिपळूण इथे मात्र जुलैत नदीकाठच्या सखल भागात मुक्काम टाळावा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्या रात्रीच्या आठवणी तिथल्या लोकांच्या तोंडून ऐकल्या की पुन्हा सांगावं लागत नाही. अंधार पडायच्या आत पोचायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी काहीच ‘बघायचं’ ठेवत नाही.

खोली ठरवताना फोटोंपेक्षा फोनवरचं बोलणं महत्त्वाचं. वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो, या आठवड्यात स्वयंपाकघर चालू आहे का, गाडी दारापर्यंत येते का, हे विचारा. आणि ओले कपडे वाळत घालायला पडवी आहे का, हे तर नक्की विचारा. चार माणसं दिवसातून दोनदा भिजली की आठ जोड होतात, सगळे लाल मातीने माखलेले. पावसाळी हवेत बंद खोलीत ते दोन दिवस वाळत नाहीत आणि खोलीला कुबट वास येतो. पडवी असली, वर दोरी बांधलेली असली, की वाऱ्यावर निदान सर्द होण्यापर्यंत येतात. मला समुद्र दिसणाऱ्या खिडकीपेक्षा ही पडवी मोलाची वाटते. तिथेच संध्याकाळी खुर्च्या टाकून बसता येतं, मुलं पत्ते खेळतात, आजी गप्पा मारते, आणि समोर पाऊस पडत असतो.

रेल्वेने येणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बघून घ्या. पूर्वी ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असे, 2025 मध्ये 15 जून ते 20 ऑक्टोबर होतं. या काळात गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात आणि वेळा बदललेल्या असतात. परतीच्या दिवशी घरी पोचल्यावर कुठलंही काम ठेवू नका. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात यायचं म्हणत असाल, तर आधी त्या वर्षीचे गणपती कधी आहेत ते बघा, आणि मगच ऑफिसात रजा टाका.