गोगलगाय, चामखीळ आणि आमची आजी

आयर्लंडमध्ये 1937 ते 1939 या काळात तेथील लोककथा आयोगाने हजारो शाळकरी मुलांना घरातील वडीलधाऱ्यांकडून जुने उपचार व समजुती विचारून वहीत उतरवायला सांगितले होते. त्यांतील काही नोंदी वाचताना मला सतत वाई तालुक्यातील आमच्या आजोळची ओसरी दिसत राहिली. चामखिळीवर गोगलगाय चोळून ती काट्याला टोचून ठेवायची. ती जसजशी वाळेल, तसतशी चामखीळ झडेल, असा तिकडचा समज. (गोगलगायीला कोणी विचारले नसावे.) डांग्या खोकला झालेल्या मुलाला गाढवाच्या पोटाखालून तीनदा पलीकडे देत.

आमची आजी मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची आणि ठसका लागला नाही, की ‘केवढी दृष्ट लागली होती पोराला’ म्हणून माझ्याकडे पाहायची.

तिकडे शेतात एकटे उभे असलेले हॉथॉर्नचे काटेरी झाड पऱ्यांचे मानून शेतकरी ते तोडत नसे, नांगर वळवून नेई. आमच्या मळ्यातही म्हसोबाच्या शेंदरी दगडाभोवती कुळव असाच वळत असे, आणि शेतीची पदवी घेतलेला माझा मामेभाऊ आज तिथे ट्रॅक्टर वळवतो.