बिळासमोरून उठले तेव्हा

आधीच सांगते, या लेखात गावाचं नाव नाही. सांगलीहून कृष्णेच्या काठाने निघालं की तासाभराच्या आत पोचता येतं. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला वीटभट्ट्या आणि मधे मळीची माती काढून झालेले खड्डे. एवढं पुरे. नाव का नाही, ते पुढे येईल.

मी शाळेत गणित शिकवते. भिशी फुटली तेव्हा जुना कॅमेरा आणि लांबचं जवळ आणणारी १५०-६०० मिमीची लेन्स घेतली आणि रविवार पक्ष्यांना देऊन टाकला. पहिलं वर्ष खंड्या, वंचक, शेकाट्या जे समोर येईल ते टिपण्यात गेलं. कुणी शिकवलं नव्हतं. जवळ जायचं, अजून जवळ जायचं, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या खड्ड्याच्या उभ्या दरडीत मला एक बीळ दिसलं. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, लिंबू आत जाईल एवढं. तोंडाशी मातीत दोन बारीक समांतर चर होते. आत-बाहेर करताना पक्ष्याचे पाय घासून ते पडतात, म्हणजे बीळ वापरात आहे. वर भट्टीकडे गेलेली विजेची तार होती आणि तारेवर वेडा राघू, उडते किडे हवेतच टिपणारा छोटा हिरवा पक्षी. त्याच्या चोचीत चतुर नावाचा किडा.

मी हरखून गेले. बिळापासून दहा-बारा पावलांवर बसकण मारली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. चोचीत शिकार धरलेला वेडा राघू पहिल्या पाच मिनिटांतच मिळाला. मग वाटलं, बिळात शिरतानाचा मिळाला तर काय बहार येईल. तो तारेवरून सुटायचा, दरडीपर्यंत यायचा, हवेतच क्षणभर थबकायचा आणि वळून परत तारेवर. पुन्हा तेच. थोड्या वेळाने जोडीदार आला, त्याच्या चोचीत मधमाशी. दोघं शेजारी बसून 'ट्री ट्री' करत राहिले. दोघं एका फ्रेममध्ये मिळाले म्हणून मी खूश. पाऊण तासात चारशेच्या वर फोटो काढले.

भट्टीवरचे एक आबा मगापासून विटा थापता थापता माझ्याकडे बघत होते. हात धुऊन तांब्या घेऊन आले.

"ताई, पानी घ्या. आन् जरा हिकडं सावलीला या."

"नको आबा, एवढा एक फोटो झाला की उठतेच."

"तुमी उठल्याबिगर ती आत जायची न्हाईत. पिल्लं उपाशी हाईत आत. मगाधरनं बगतुया मी."

आबांच्या बोलण्यात राग नव्हता. भाकरी करपतीये असं घरातल्या माणसाने सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मी उठले. पत्र्याच्या शेडपर्यंत पोचायच्या आत मागे वळून पाहिलं तर तारेवर कुणी नव्हतं. दोन्ही पक्षी एकापाठोपाठ बिळात जाऊन बाहेर आले होते. आणि माझ्या मागोमाग आलेलं भट्टीवरचं कुत्रं, मी बसले होते तिथली माती हुंगत दरडीकडे निघालं होतं. आबांनी ढेकूळ मारून त्याला हाकललं. त्याला ती वाट मी दाखवली होती.

घरी येऊन फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. पहिल्या फोटोवर वेळ ८ वाजून ११ मिनिटं, शेवटच्यावर ८ वाजून ५४ मिनिटं. दोन्ही फोटोंत चोचीतला चतुर एकच. त्याचा उजवीकडचा एक पंख टोकाला फाटलेला होता, तो फाटका पंख प्रत्येक फोटोत तसाच. म्हणजे त्रेचाळीस मिनिटं एका आईने किंवा बापाने (वेड्या राघूत दोघंही भरवतात) एकच घास तोंडात धरून ठेवला होता, कारण मी समोर बसले होते. दिसायला ते फोटो सुरेख होते, मागून ऊन, हिरवा रंग झळाळलेला. मी सगळे पुसून टाकले. एक तेवढा ठेवला, पण तो कुणाला दाखवत नाही.

आबांना जे नुसतं बघून कळलं होतं, त्याचा पुण्यात रीतसर अभ्यास झाल्याचं मला त्यानंतर वाचायला मिळालं. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेड्या राघूंवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. घरट्याच्या आसपास माणूस असला की हे पक्षी आत जायला कचरतात. पण माणसाला तो उभा आहे तिथून बिळाचं तोंड दिसत नसेल, तर ते जास्त बिनधास्त आत जातात. माणूस किती लांब आहे यासोबतच त्याला काय दिसतंय, याचाही अंदाज हा पंधरा-वीस ग्रॅमचा पक्षी बांधतो. अशा जिवाला आपण वेडा म्हणतो!

वाचल्यावर चैन पडेना. पुढच्या रविवारी कॅमेरा घरी ठेवला आणि वही-पेन घेऊन गेले. आधी आबांच्या शेडमागे बसले, तिथून तार दिसते पण बीळ दिसत नाही. तासाभरात दोघांच्या मिळून चौदा फेऱ्या झाल्या. मग बीळ दिसेल अशा जागी, पण पहिल्यापेक्षा चौपट लांब जाऊन उभी राहिले. पंधरा मिनिटांत एकच फेरी, तीही चारदा मागे फिरून झालेली. तिथून निघाले. चाचणी म्हणूनसुद्धा यापेक्षा जास्त वेळ उभं राहणं मला पटेना. पिल्लं तीन-चार आठवडे त्या बिळात असतात आणि रोजच्या उजेडाचे तास मोजकेच. एखादा तास मी खाल्ला तर तो त्यांना परत मिळत नाही.

आणि एप्रिलचं ऊन. त्याच खड्ड्यापलीकडच्या पडीक रानात टिटवीची चार अंडी होती, उघड्यावर, खड्यांच्या रंगाची. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, ती गार राहावीत म्हणून. तिला उठवून ओरडायला लावलं की फोटो जोरदार येतो, लोक काढतातही. तेवढा वेळ अंडी उन्हात भाजत असतात. मी त्या बाजूला जाणंच सोडून दिलं.

मग फोटो काढायचे कुठे? याचं उत्तर शोधायला मला तीन रविवार लागले आणि ते बिळापासून लांब सापडलं. पक्षी बिळाशी येतो तो धास्तावलेला असतो. शिकारीच्या फांदीवर तो आपल्या राज्यात असतो. बिळापासून शंभरेक पावलांवर, उसाच्या कडेला एक वाळकी बाभूळ होती. तिथून उडून माशी धरायची, परत त्याच फांदीवर यायचं, फांदीवर टप टप आपटायची, मधमाशी असेल तर नांगी घासून काढायची, असं त्यांचं सकाळभर चालायचं. तिथून बीळ दिसत नाही आणि पक्ष्यालाही ते ठाऊक आहे.

तिथंही मी थेट जाऊन बसले नाही. पहिल्या दिवशी पायवाटेवरच थांबले, कारण पायवाटेवरची माणसं त्यांच्या ओळखीची असतात. आबांकडून दोन जुनी गोणपाटं घेतली आणि चार काठ्यांवर आडोसा केला. आधी बाभळीपासून लांब, मग दर खेपेला संध्याकाळी पक्षी गेल्यावर थोडा पुढे. कपडे मातकट. शटरचा आवाज बंद. अंधार असतानाच आत जाऊन बसायचं आणि ऊन चढलं, पक्षी सावलीला गेले की निघायचं. मधे उठबस नाही. पाठ भरून यायची, पाय बधिर व्हायचे.

थांबायचं कधी, हे मी पक्ष्याकडून शिकले. तो पिसं साफ करत असेल, अंग फुलवून ऊन खात असेल, तर ठीक. साफसफाई मधेच थांबली, मान लांब झाली, पिसं अंगाला चिकटली, नजर माझ्याकडे खिळली, की मी आहे तिथं थिजायचं. एवढ्यावर तो निवळला नाही तर मागे सरकायचं. उडाला म्हणजे माझी चूक झाली. लेन्स कमी पडली तर नंतर फोटो कापून मोठा करावा, चित्र दाणेदार दिसलं तर दिसलं.

मे महिन्याच्या सुरुवातीला आबांचा फोन आला. मालकाने माती काढायला जेसीबी सांगितलाय आणि ती दरडही त्यात जाणार. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मालकांना भेटले. कायद्याचं बोलायची तयारी करून गेले होते: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं धरलेलं आहे. तो विषय काढावाच लागला नाही. आबाच म्हणाले, "मालक, लेकुरवाळी हाईत. तेवढी आठ हात दरड ऱ्हाऊ द्या, पिल्लं उडाली की न्या." मालक म्हणाले, राहू दे, पलीकडनं काढा. आबांनी दरडीच्या वर चार विटा रचून खूण केली. आम्ही फोटोग्राफर मंडळी पक्ष्यांसाठी काही करतो असं आम्हाला वाटत असतं. माझ्या आजवरच्या सगळ्या फोटोंपेक्षा त्या चार विटा मला मोलाच्या वाटतात.

त्याच सुमारास बाभळीवरचा एक फोटो मी टाकला होता, आणि तासाभरात जागा विचारणारे निरोप सुरू झाले. एकाने तर लिहिलं, "बीळ असेलच ना जवळ, लोकेशन पाठवा, उद्या चौघं येतो." मी पाठवलं नाही. ओळखीतल्या एका ज्येष्ठ फोटोग्राफरना ते आवडलं नाही. पण चौघं आले असते तर त्यांनी चाळीस जणांना सांगितलं असतं, आणि बिळाचं तोंड नीट दिसावं म्हणून समोरचं गवत कुणीतरी उपटलंच असतं. दुसऱ्या एका ठिकाणी असं झालेलं मी पाहिलंय: घरट्यावरची फांदी उजेडासाठी छाटली होती आणि दुपारपर्यंत कावळ्यांनी घरटं रिकामं केलं. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो तेव्हा मोबाइलवर त्याचाच आवाज लावून त्याला उघड्यावर आणणारेही भेटतात. बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला म्हणून धावत येतो, घरट्याचं काम टाकून. मी त्यांच्यासोबत जात नाही.

तेव्हापासून फोटो टाकताना फक्त जिल्हा आणि महिना लिहिते, घरट्याच्या हंगामातला असेल तर हंगाम उलटल्यावरच टाकते. मोबाइलचं लोकेशनही बंद ठेवते, फोटोच्या फाइलमध्येच जागा नोंदली जाते हे मला आधी माहीत नव्हतं.

मे संपता संपता पिल्लं बाहेर आली. ती बिळातून निघतानाचा फोटो माझ्याकडे नाही, मी तिथं नव्हतेच. आबांनी सांगितल्यावर रविवारी गोणपाटामागे जाऊन बसले. फटफटलं तेव्हा बाभळीच्या एकाच फांदीवर सहा पक्षी एकमेकांना खेटून, पंख फुगवून बसलेले दिसले. पिल्लांचा हिरवा फिकट, गळ्याला काळी पट्टी नाही, शेपटीची लांब टोकं अजून आलेली नाहीत. एक आपटून मेलेली माशी एका चोचीतून दुसऱ्या चोचीत गेली. ऊन वर आलं तसे ते एकेक करून सुटे झाले. माझ्या बाजूचा मोठा पक्षी सावकाश फिरला, माझ्याकडे पाठ केली, पंख पसरले आणि डोळे अर्धवट मिटून ऊन खायला लागला. चेहरा दिसत नाही, चोच दिसत नाही, नुसती ऊन खाणारी पाठ. तेवढा एक फोटो काढला आणि कॅमेरा मांडीवर ठेवला.