बांधाच्या अलीकडे फ्लॅट, पलीकडे द्राक्षबाग

नाशिकच्या मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव ह्या पट्ट्यात फ्लॅट बघायला गेलात की सेल्सवाला आधी बाल्कनीत नेतो, "व्हिनियार्ड व्ह्यू सर!", आणि व्ह्यू खरंच भारी असतो, त्यात वादच नाही. पण ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की त्याच व्ह्यूमध्ये भल्या पहाटे ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू होतो, कारण पोंगा म्हणजे कोवळा फुटवा बाहेर पडलेला, वर ढगाळ हवा, डाऊनी ह्या बुरशीच्या रोगाची धास्ती, मग फवारणी आजच, उद्या नाही. बाग आमच्या पूर्वेला आणि त्या दिवसांत वारा बहुतेक तिकडूनच. दोरीवरच्या चादरींवर बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे) निळसर ठिपके.

सोसायटीच्या ग्रुपवर लगेच "कंप्लेंट करा" सुरू. बागवाल्या तात्यांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "बाग आधीची, तुम्ही मागून आलात. तुमची मीटिंग होईस्तोवर डाऊनी थांबणारे का?"

मला तात्यांचंच पटतं. मधे काहीतरी अंतर, झाडी ठेवायची जबाबदारी मागून येणाऱ्याची, म्हणजे इथे बिल्डरची. अमेरिकेत बऱ्याच गावांच्या झोनिंगमध्ये हे लिहिलेलंच असतं, घरांशेजारी दुकान किंवा गोडाऊन येणार असेल तर मधे किती फुटांचा हिरवा पट्टा, दर शंभर फुटाला मोठी झाडं किती, झुडपं किती, शिवाय भिंत पाहिजे की नाही. कॅलिफोर्नियातल्या काही काउंट्यांत तर शेतीला लागून वसाहत आली की बफर, म्हणजे मधला मोकळा पट्टा, वसाहतीच्या जागेतून काढायला लावतात. आपल्याकडे डिसेंबर २०२० ला यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, त्यात कारखाने आणि घरं ह्यांच्यात अंतर राखायचा विचार आहे, पण आमच्या मंजूर नकाशात बागेकडच्या बाजूला नुसतं साइड मार्जिन, म्हणजे इमारतीच्या कडेची मोकळी जागा दिसते. आणि मार्जिनमध्ये झाडं लावणार कुठे, तिथून फायरब्रिगेडची गाडी जायला पाहिजे, म्हणून पेव्हर ब्लॉक, आणि पेव्हर ब्लॉक दिसले की लोक गाड्या लावतात.

चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते. तीच बांधाच्या कडेनं लांबट काढली असती तर जागा एक इंचही जास्त गेली नसती आणि बफर आपोआप तयार झाला असता. पण आमची ओपन स्पेस गेटजवळ, लॉन आणि कारंजं, कारण ब्रोशरमध्ये तीच दिसते.

आता कमिटीत दोन पार्ट्या. एक म्हणते भिंत वाढवा, वर पत्रे ठोका. पण भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा करून खाली येतो, फवारा सोबत घेऊनच. त्यापेक्षा निम्मा वारा आरपार जाईल अशी झाडी बरी, तिच्यात वेग पडतो आणि थेंब पानांवर अडकतात, त्यातही सुरूसारखं बारीक पान जास्त थेंब धरतं. द्राक्ष-केळीवाले वाऱ्याला शेवरी, सुरू लावत आलेच आहेत, काही नवीन शोध नाही. फक्त झाडीनं आवाज थांबेल ही आशा सोडा, १०-२० मीटर दाट झाडीनंही जेमतेम एखादा डेसिबल कमी होतो, आवाजाला भिंतच लागते. (अंबडच्या एमआयडीसीला लागून सिडकोत राहणाऱ्यांना विचारा. २००० च्या ध्वनी नियमांत रात्रीची मर्यादा औद्योगिक भागात ७० डेसिबल आणि रहिवासी भागात ४५, आणि मधे बऱ्याचदा एक रस्ता.)

तात्यांना सुरूचं सांगितलं तर त्यांची वेगळीच अडचण. आम्ही पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतर सावली त्यांच्या पहिल्या ओळींवर पडणार, आणि सावलीत भुरी हा रोग वाढतो, मालही नीट पिकत नाही. "लावा, पण पंधरा फुटाच्या वर जाऊ देऊ नका, आणि मुळ्या इकडे आल्या तर चर मारीन." मान्य. छाटणीचा खर्च मेंटेनन्समधून करायलाही बहुतेक लोक तयार आहेत.

अडलंय ते पार्किंगवर. गाडीचा रस्ता मोकळा ठेवून झाडांना जागा उरते ती बांधाला लागून, आणि तिथेच बिल्डरनं पट्टे मारून पार्किंग विकलंय. ते घेणाऱ्यांतले दोघं कमिटीवरच आहेत आणि भिंतीचं कोटेशनही त्यांनीच आणलंय.