कोनाच्या वाऱ्याआड: हवाईतले दातांचे देवमासे

हवाईला देवमासे बघायला जातोय म्हटलं की ऐकणारा हंपबॅकच गृहीत धरतो. डिसेंबर ते एप्रिल ते तिथे हजारोंनी येतात आणि किनाऱ्यावरूनही दिसतात. पण ते पाहुणे. मला बघायचे होते तिथले रहिवासी, म्हणजे दातांचे देवमासे आणि डॉल्फिन. हवाईच्या पाण्यात त्यांच्या १८ जातींची नोंद आहे. त्यांतल्या कितीतरी जातींच्या टोळ्या पिढ्यानपिढ्या याच बेटांभोवती राहतात, आणि दूरच्या समुद्रातल्या भाईबंदांपासून त्या आनुवंशिकदृष्ट्याही वेगळ्या पडल्या आहेत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाच्या कॅस्केडिया रिसर्च कलेक्टिव्ह या ना-नफा संस्थेचे संशोधक रॉबिन बेअर्ड आणि त्यांचे सहकारी गेली पंचवीसेक वर्षं त्याच पाण्यात पुन्हा पुन्हा जात राहिले, म्हणून हे कळलं. त्यांचं काम वाचूनच मी बिग आयलंडचा, म्हणजे हवाईतल्या सगळ्यात मोठ्या बेटाचा, कोना किनारा निवडला.

कोनाच का? व्यापारी वारे ईशान्येकडून येतात आणि मौना केआ (४,२०७ मीटर), मौना लोआ (४,१६९ मीटर) आणि हुआलालाई हे डोंगर त्यांना अडवतात. पश्चिमेचा कोना त्यांच्या आडोशाला येतो. शिवाय तळ झपकन उतरतो. मुंबईसमोर दोनशे मीटर खोली गाठायला शेकडो किलोमीटर समुद्रात जावं लागतं; कोनाला काही किलोमीटरवरच हजार मीटर पाणी लागतं. त्यामुळे छोट्या बोटीनेही सकाळी निघून खोल पाण्यातले प्राणी बघता येतात. उत्तरेला, माउई आणि बिग आयलंडच्या मधल्या आलेनुइहाहा सामुद्रधुनीतून मात्र वारा सुसाट सुटतो. तो आणि आडोशाचं संथ पाणी यांच्या सीमेवर मोठे भोवरे तयार होतात. त्यांतले काही खालचं गार, पोषक पाणी वर खेचतात. एरवी उष्ण कटिबंधातला समुद्र दिसायला निळाशार असला तरी खाण्याच्या बाबतीत गरीबच असतो.

प्रवासाचं थोडक्यात. भारतातून थेट विमान नाही, अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि हवाईचं घड्याळ आपल्या साडेपंधरा तास मागे आहे. पोचल्यावर लगेच दुसऱ्या दिवशीची बोट घेऊ नका. न झोपलेल्या माणसाला बोट हमखास लागते. मुक्काम कैलुआ-कोनाला करावा. होनोकोहाऊ बंदर गाव आणि विमानतळ यांच्या मध्येच आहे. भाड्याची गाडी घेतलेली बरी, फक्त तिथे उजवीकडून चालवायचं. दम्याचा त्रास असेल तर किलाउएया धगधगतोय का ते आधी बघा. ज्वालामुखीचा वायू वाऱ्याबरोबर फिरून कोनाला येतो आणि हवा पांढुरकी करतो. त्या दिवशी लांबचं काही दिसतही नाही.

बोट सकाळचीच घ्या. दुपारी किनाऱ्याकडे वारा सुरू होतो, लाटांच्या माथ्यावर फेस फुटायला लागतो, आणि मग त्या फेसातून डॉल्फिनचा पर वेगळा ओळखणं सरावलेल्या डोळ्यांनाही जड जातं. माणसं कमी, वर बसायला जागा, आणि कॅप्टन खोल पाण्यात जायला तयार, अशी बोट शोधा. आमच्या कॅप्टनला मी पहिल्यांदा विचारलं, ‘आज काय दिसेल?’ तो म्हणाला, ‘पाणी.’ अशा माणसाबरोबर जावं.

आणि खरंच तास-तास पाणीच दिसतं. मग एकदम काळपट, बोथट डोक्याचे पायलट व्हेल. दिवसा ते बऱ्याचदा पृष्ठभागावर ओंडक्यासारखे पडून असतात, कारण रात्री खोल जाऊन माखले धरायचे असतात. त्यांच्या मागून ओशनिक व्हाइटटिप शार्क फिरतात. ही कोनाची नेहमीची जोडी आहे, त्यामुळे पायलट व्हेल दिसले म्हणून पाण्यात उडी मारायचा मोह कुणालाही होऊ नये. ठिपकेवाल्या डॉल्फिनच्या मोठ्या टोळीजवळ मासेमारीच्या बोटी गळ ओढत घिरट्या घालताना दिसल्या. डॉल्फिनच्या खाली कुपा (टूना) असतो हे मच्छीमारांना ठाऊक असतं. गळ डॉल्फिनच्या मधूनच ओढले जात होते. बघायला बरं वाटत नाही.

सगळ्यात दुर्मीळ भेट ब्लेनव्हिल बीक्ड व्हेलची. या जातीची १,४०० मीटरपर्यंतची बुडी हवाईतच मोजली गेली आहे, आणि खोल बुडी पाऊण-एक तास चालते. एकदा खाली गेला की इंजिन बंद करून थांबायचं आणि चारही दिशांना माणसं बसवायची. आमच्यापैकी निम्मे कंटाळून आत गेले तेव्हाच तो वर आला. नर होता. त्याचा खालचा जबडा मधेच कमानीसारखा वर चढलेला, त्यातून सुळे निघालेले आणि सुळ्यांवर देठवाल्या बार्नेकलचे (चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांचे) झुबके.

आता जाणाऱ्यांनी नीट वाचावं असा भाग: फोटो. सगळे उडीचा फोटो घ्यायला टपलेले असतात आणि संशोधकांना त्याचा फारसा उपयोग नसतो. त्यांना हवा असतो पाठीवरचा पर. त्याच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचा वर्षानुवर्षं टिकतात, त्यावरून प्राणी ओळखता येतो. कुकीकटर शार्कने काढलेल्या गोल लचक्यांचे व्रणही ओळखायला मदत करतात. ३०० किंवा ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगवान, आणि प्राणी बोटीला समांतर असताना दाबा. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी हवाईच्या वेळेला लावा, नाहीतर तुमची सकाळ नोंदीत मध्यरात्र होते. फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. मूळ फाइल ठेवा, कापलेली नाही.

आणि फक्त ठळक खाचा असलेल्यांचेच फोटो काढू नका, कोऱ्या पराचेही काढा. टोळीतले सगळे मोजता येत नाहीत. त्यामुळे यंदा टिपलेल्यांत आधीचे ओळखीचे किती, यावरून ओळखता येण्याजोग्यांचा एकूण आकडा बांधतात आणि कोऱ्यांचं प्रमाण धरून तो वाढवतात. कोरे वगळले तर गणितच बिघडतं. संशोधक हवाबंदुकीने पराला छोटं ट्रान्समीटर चिकटवतात. ते उपग्रहाला जागा कळवतं आणि काही आठवडे-महिन्यांनी गळून पडतं. परवाना त्यांच्याकडे असतो. आपल्या हातात फोटो आहे आणि तो तेवढाच कामाचा आहे. कॅस्केडिया प्रवाशांचे फोटो घेते. काही बोटींचे कॅप्टनही नियमित पाठवतात. बुकिंग करताना तसं विचारून घ्या.

मला फॉल्स किलर व्हेल दिसले नाहीत. मुख्य बेटांभोवतीची त्यांची वस्ती दोनशेच्याही आत आहे आणि २०१२ पासून ती अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. ते माहीमाही, ओनो, टूना खातात, म्हणजे नेमकं तेच जे मच्छीमारांना हवं असतं. धरलेला मासा एकमेकांना देतात. माणसाला मासा देऊ केल्याच्याही नोंदी आहेत. परांवरच्या आणि तोंडाच्या कडेच्या जखमा गळ-दोरीशी झालेल्या झटापटीकडे बोट दाखवतात, आणि हा पुरावा बहुतांशी जुन्या-नव्या फोटोंतूनच जमला. माद्या साठीपर्यंत जगतात. एवढ्या लांब आयुष्याच्या प्राण्याबद्दल दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाने काय कळणार?

स्पिनर डॉल्फिनचं वेगळं. ते रात्री खोल पाण्यात खातात आणि दिवसा उथळ उपसागरांत झोपतात. संशोधक केन नॉरिस यांनी कोना किनाऱ्यावरच्या केआलाकेकुआ उपसागरात त्यांचा हा दिनक्रम अभ्यासला होता. पर्यटक त्यांच्या झोपेच्या वेळी पोहायला उतरायचे, म्हणून २०२१ पासून मुख्य बेटांच्या किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत त्यांच्यापासून ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर, लांब राहण्याचा नियम झाला. पोहणाऱ्यालाही तो लागू आहे. कुणी ‘डॉल्फिनबरोबर पोहा’ म्हणून तिकीट विकत असेल तर तिथूनच मागे फिरा. केआलाकेकुआच्या काठावर सकाळी दुर्बीण घेऊन बसलं तर नशिबाने ते फुकटात दिसतात आणि त्यांची झोपही मोडत नाही. हंपबॅकसाठी अंतर १०० यार्ड.

बाकी सामान: पूर्ण बाह्यांचा शर्ट, हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी, ध्रुवीकरणाचा गॉगल, ८ पटींची दुर्बीण (त्याहून जास्त पटीची हलत्या बोटीवर निरुपयोगी). सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीम २०२१ पासून हवाईत विकायलाच बंदी आहे. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. महिना कुठलाही चालेल, रहिवासी बारा महिने असतात. हंपबॅकची गर्दी टाळायची तर मे ते ऑक्टोबर बघा. एकाच बोटीचे लागोपाठचे दिवस घेण्यापेक्षा मधे एक दिवस सोडून घ्या, म्हणजे वाऱ्याने एखादी सकाळ खाल्ली तरी दुसरी हाती राहते.